वगळलेल्या माद्या

९ जानेवारी

ताई,

तुझं फर्मान पोचलं. यापुढे फोन नाही, फक्त पत्र. ‘फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि स्वतःचं कधी संपवत नाहीस’ हे तुझं म्हणणं तुझ्या भावजयीला इतकं आवडलं की तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा बसलोय लिहायला. अक्षराबद्दल काही बोलायचं नाही, ते वळण तूच लावलंयस.

शाळेचा जिना तू कठडा धरून आडवी उतरतेस आणि मुलं तुला खेकडाबाई म्हणतात, हे वाचून हसलो. मग हसल्याचं वाईट वाटलं. आई गेल्यावर तू कॉलेज सोडून खेळाची शिक्षिका झालीस, ती आजतागायत सिमेंटच्या अंगणात पोरांना उड्या मारायला शिकवतेयस. त्या उड्यांवर मी शिकलो. आता गुडघ्यातली गादी झिजून हाडाला हाड लागतंय, आणि सर्जनबाईंनी सांधे बदलायला मार्चमधली तारीख दिलीय.

ताई, ती तारीख घेऊ नकोस. आमचं औषध आता खरंच येतंय. सांध्यात एक टोचणी आणि पुढे बरेच दिवस दुखणं गप्प.

तू विचारलंयस, ‘उंदराचा गुडघा दुखतोय हे तुला कळतं कसं? तो काय लंगडत येऊन सांगतो?’ ऐक. उंदीर कण्हत बसत नाही. ज्याच्या मागावर सदा कुणीतरी असतं त्याला आपलं दुखणं चारचौघांत दाखवून परवडत नाही. म्हणून आम्ही आडून विचारतो. त्याच्या एका गुडघ्यात एक द्रव्य टोचलं की आतली गादी हळूहळू मरत जाते, तुझ्यासारखीच अवस्था होते. मग त्याला एका छोट्या पेटीत मागच्या दोन पायांवर उभं करायचं, प्रत्येक पायाखाली वेगळा वजनकाटा. धडधाकट उंदीर भार निम्मा-निम्मा वाटून घेतो. दुखऱ्या उंदराचा एक पाय अंग चोरतो. शिवाय पिंजऱ्यात खडीनं भरलेली एक नळी ठेवायची. उंदराला उकरायचा भारी सोस. पण गुडघा ठणकत असला की नळी भरलेलीच राहते. आमचं औषध मिळालेल्यांनी नळ्या पार रिकाम्या केल्या ताई! पिंजराभर खडीच खडी. मी तिथं उभा राहून एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

तेव्हा दोनेक वर्षं कळ काढ. कापाकापी कुठं पळून जात नाही. माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा,
धाकटा

४ मार्च

ताई,

तारीख रद्द केलीस, शाबास! ‘भाऊ काय करतो तुमचा?’ असं सर्जनबाईंनी विचारलं तेव्हा तू ‘माझ्या गुडघ्यांवर संशोधन’ म्हणालीस, हे मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटलोय.

इकडे एक लहानशी अडचण आलीय. आमचा लेख मासिकानं परत पाठवला. नाकारला नाही, एकच मागणी आहे: हेच माद्यांवर करून दाखवा. आमचे उंदीर आजवर सगळे नर. माद्यांच्या शरीरात दर चार-पाच दिवसांनी पाळीचं चक्र फिरतं, आकडे हलतात, म्हणून आमच्या धंद्यात पूर्वीपासून नरच वापरायची सवय. तुझी भावजय भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘मला तर गुडघे धरून बसलेल्या बायकाच जास्त दिसतात.’ खरं आहे तिचं. हा आजार बायकांनाच जास्त होतो. मी म्हटलं, ‘म्हणून तर करतोय आता.’ त्यावर ती नुसतं ‘आता’ एवढंच म्हणाली.

काम माझ्या विद्यार्थिनीकडे दिलंय. हट्टी पोरगी आहे. कुठल्या पिंजऱ्यात औषध दिलंय आणि कुठल्यात नुसतं मिठाचं पाणी, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून पिंजऱ्यांवर खुणांच्या चिठ्ठ्या असतात. ती मला त्या खुणांच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. ‘सर, तुमचा चेहरा बघूनच उंदीर बरे होतील,’ म्हणते.

दरम्यान, औषध ज्या कंपनीनं घेतलंय तिनं माणसांवरच्या चाचण्या सुरू केल्या. साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हणत होते की तुमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातही एक केंद्र उघडणार आहे. बघ, औषध तुझ्या दाराशी येतंय.

धाकटा

२१ मे

ताई,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीयत आणि माझं एकही नाही. कामात होतो.

माद्यांचं काय झालं म्हणून विचारलंयस. चाललंय. माद्यांचे आकडे जरा पसरट येतात, वेळ लागतो. लेखाचं आता साहेबच बघतायत. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नकोस. रजा शिल्लक आहे तर घे की, ठेवायची कुणासाठी?

बाकी ठीक. तुझी भावजय म्हणते, मी बसल्या जागी पाय हलवत राहतो आणि त्यानं टेबल हलतं.

धाकटा

१६ जुलै

ताई,

लेख छापून आला. आधीच्या मासिकात नाही, दुसऱ्या एका, जे असल्या जास्तीच्या मागण्या करत नाही. संस्थेनं सभागृहात कौतुकाचा कार्यक्रम ठेवला. मला एक काचेचा ठोकळा मिळाला, त्यावर माझं नाव कोरलंय. साहेबांनी भाषणात तुझाही उल्लेख केला, म्हणजे नाव न घेता, ‘यांच्या बहिणीच्या वेदनेतून हे काम उभं राहिलं’ असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला घाम फुटला होता. सभागृहात उकडत होतं.

माझी विद्यार्थिनी आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्याच दिवशी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहून विचारत होती, ‘सर, माद्यांचं पान गेलं कुठं?’

मी म्हटलं, ‘पुढच्या लेखात.’

‘पुढचा लेख कधी?’

‘बघू.’

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. हे तुला का लिहितोय कोण जाणे. आतली बाब आहे, तांत्रिक. तू त्यात पडू नकोस. ठोकळ्याचा फोटो मागितलायस, पाठवतो कधीतरी. सध्या तो कपाटात आहे.

धाकटा

३ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि कपडेही न बदलता लिहायला बसलोय. चाचणीत दिलेलं नाव मागे घे. लगेच. तीनदा फोन केला, तू उचलत नाहीस. हा नियम मोडायची वेळ आहे, उचल.

तुझा रक्तदाब वरखाली असतो. या वयात नवीन औषधं अंगावर घ्यायची नसतात. आणि मुख्य म्हणजे संशोधकाच्या जवळच्या नातेवाइकाला चाचणीत घ्यायचं नाही असा नियम आहे. तू अर्जावर माझं नाव लिहिलंस की काय? तिथल्या डॉक्टरांना सांग, ते स्वतःच काढतील तुला.

तू लिहितेस, ‘तुझंच औषध आहे, मी नाही घेतलं तर कोण घेणार?’ ताई, असं बोलू नकोस गं. नाव काढ.

धाकटा

२७ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. असा कुठलाही नियम नाही, तिथले डॉक्टर हसले, हे लिहिलंस. मी खोटं बोललो. आणि खाली तू जे लिहिलंयस ते मला सोसवत नाही: ‘माझी लाज वाटते का तुला? तुझ्या मोठ्या औषधाच्या यादीत खेकडाबाई शोभत नाही?’

तसं नाही. कसं आहे ते मला सांगता येत नाही, पण तसं नाही.

पण पुढचं वाचून मी खुर्चीत बसलो. टोचणी घेतल्यावर आठवड्याभरात तू जिना सरळ उतरलीस. शिट्टी तोंडात ठेवून, कठड्याला हात न लावता, आणि खालची पोरं आ वासून बघत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं, असं लिहिणार होतो. पण खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे वाक्य आम्ही प्रत्येक भाषणाच्या शेवटी म्हणतो आणि कुणी ऐकत नाही. त्या क्षणी ते मला अगदी खरं वाटलं.

सांभाळून राहा. जिना उतरताना कठडा धरत जा, उगाच शूरपणा नको.

धाकटा

१७ सप्टेंबर

ताई,

हे बसून वाच.

माद्यांवर औषध चाललं नाही. हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. विद्यार्थिनीनं खुणा उघडल्या तेव्हा मी शेजारी होतो. नरांच्या नळ्या रिकाम्या, माद्यांच्या जशाच्या तशा. औषध घेतलेली मादी आणि मिठाचं पाणी घेतलेली मादी यांच्यात काडीचा फरक नव्हता. दोघी दुखरा पाय तसाच उचलून धरत होत्या.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, ‘औषध चालतं ही बातमी आहे. कोणात चालत नाही, ती नंतरची बातमी. माद्यांचा गोंधळ वेगळा मांडू.’

मी म्हटलं, ‘पण मासिकानं तेच मागितलंय.’

‘मासिक काय एकच आहे?’

आणि मी ‘बरं’ म्हणालो. कुणी माझा हात पिरगाळला नाही, धमकी दिली नाही. समोरचा चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि ‘बरं’ म्हणालो. बाहेर आल्यावर मला साहेबांचा राग आला नाही, त्या माद्यांचा आला. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

तू नाव दिलंस तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी रक्तदाब आणि नियम काढत बसलो. मग तुला बरं वाटलं आणि मी त्याच्या आड लपलो. आता लपायला जागा उरली नाही, कारण गेल्या आठवड्यात विद्यार्थिनीनं त्याच माद्यांच्या गुडघ्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. ती खुर्चीवरून उठली आणि तिनं मला बसायला दिलं. औषध दिलेल्या माद्यांच्या गुडघ्यातली गादी, न दिलेल्यांपेक्षा जास्त गेली होती. काही ठिकाणी खालचं हाड उघडं पडलं होतं, कडा तुटल्या होत्या. असं का व्हावं, आम्हाला माहीत नाही. औषध धोक्याचं नाही ना, हे कंपनीनं आधी निरोगी माद्यांवर पाहिलं होतं, त्यात काही दिसलं नव्हतं. आजारी गुडघ्याच्या माद्यांवर कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही बघितलं आणि पान काढून ठेवलं.

माणसांत असं होईलच असं नाही. तुला औषध मिळालंय की मिठाचं पाणी, तेही तुला-मला माहीत नाही. पण दुसरी टोचणी घेऊ नकोस. काहीही कारण सांग आणि बाहेर पड.

तुझ्या उड्यांवर शिकलेल्या माणसानं हे केलं.

धाकटा

२९ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर पाठ झालंय. तरी इथं परत लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय हे तुला कळेल.

‘रुग्णालयात बाकावर माझ्या शेजारी एक भाजीवाली बसते. पलीकडे बँकेतून निवृत्त झालेली एक. एक जण मुलीच्या खांद्यावर हात ठेवून येते. बाक भरून बायकाच असतात. त्यांच्या भावांनी त्यांना पत्र लिहिलंय का? तू त्या सगळ्यांना सांगेपर्यंत मी नाव काढणार नाही. दुसरी टोचणी चौदा ऑक्टोबरला आहे. मी जाईन. तू मला ओळखतोस.’

ओळखतो. एका पोरानं चूक केली तर सगळ्या रांगेबरोबर स्वतःही मैदानाला फेरी मारणारी बाई आहेस तू. पण हे मैदान नाही ताई. तू स्वतःलाच ओलीस धरून बसलीयस. मी सांगितलं तर काय होईल याचा विचार कर. चाचणी थांबेल. साहेबांनी मला हाताला धरून इथवर आणलं, त्यांचं नाव जाईल. विद्यार्थिनीची सगळी मेहनत त्या लेखाबरोबर बुडेल. माझी नोकरी जाईल. आणि कदाचित औषध नरांमध्ये, म्हणजे पुरुषांमध्ये, खरंच चालत असेल, तेही बंद पडेल.

तुझ्यासाठी मी हे सगळं सोडीन. तू नुसतं नाव काढ, मी उद्या राजीनामा देतो. पण कोण कुठल्या बायका, त्यांना मी

वाक्य अर्धवट सोडलंय. खोडत नाही, तुला दिसू दे. ते लिहिताना मला माझाच आवाज ऐकू आला.

तुझी भावजय मघापासून दारात उभी होती. तिला तुझं पत्र दाखवलं. माझंही दाखवलं, हे, इथपर्यंत. तिनं दोन्ही वाचली आणि विचारलं, ‘हे पाठवणारेस?’

म्हटलं, ‘पाठवायला नको?’

‘पाठव. त्यांना कळू दे तू कुठं अडलायस ते.’

म्हणून पाठवतोय. अजून अडलोय.

धाकटा

१२ ऑक्टोबर

ताई,

सांगितलं.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला माद्यांचे सगळे आकडे आणि कापांचे फोटो पाठवले. मासिकालाही लिहिलं की लेखातून एक भाग जाणूनबुजून वगळला होता आणि वगळायला मी संमती दिली होती.

विद्यार्थिनीला आधी विचारलं. म्हटलं, ‘यात तुझं नाव येऊ नये अशी काहीतरी सोय करतो.’ ती म्हणाली, ‘नाव काढू नका सर. पान माझं आहे.’ मग खाली बघत म्हणाली, ‘मीही गप्प बसलेच ना. मला पदवी हवी होती.’ तिला गप्प बसायला मीच शिकवलं होतं.

मग साहेबांकडे गेलो. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, ‘तुला वाटतंय तू मोठं धाडस केलंस.’

‘नाही वाटत.’

‘बहीण नसती त्या चाचणीत, तर केलं असतंस?’

मी दाराकडे बघितलं. उभाच राहिलो. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हवं ते मिळालं, आणि मला जायला सांगितलं. ताई, त्यांनी जे विचारलं ते तूही मनातल्या मनात विचारत असणार. उत्तर ‘नाही’ असं आहे. मी केलं नसतं. पुढचा लेख, पुढचा लेख म्हणत राहिलो असतो आणि त्या बाकावरच्या बायका टोचून घेत राहिल्या असत्या. तू त्यांच्यात जाऊन बसलीस म्हणून त्या मला दिसल्या.

परवा चौदा तारीख. हे पत्र वेळेत पोचेल असं वाटत नाही आणि फोन तू उचलणार नाहीस. म्हणून शाळेच्या कार्यालयात निरोप ठेवलाय. शिपायानं लिहून घेतला: ‘भावाने सगळ्यांना सांगितले.’ त्यानं विचारलं, ‘एवढंच?’ मी म्हटलं, एवढंच.

धाकटा

८ डिसेंबर

ताई,

तू चौदा तारखेला गेली नाहीस, हे मला तुमच्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. तुझ्याकडून काहीच नाही. माझ्या मागच्या दोन पत्रांचं तू काय केलंस, कोण जाणे. अंगणातली रद्दी तू दर शनिवारी जाळतेस, हे मला माहीत आहे.

चाचणी थांबलीय. सगळ्या बायकांचे एक्स-रे नव्यानं काढले. काही जणींचे गुडघे आधीपेक्षा बिघडलेले दिसले. ते औषधानं की वयानं, हे अजून कुणी ठामपणे सांगत नाही. त्यात तुझी भाजीवाली आहे का, विचारायची मला हिंमत नाही, आणि विचारलं तरी ते सांगणार नाहीत. पुरुषांपैकी काहींना खरोखर गुण आला होता, त्यांची टोचणीही बंद झाली. त्यातल्या एकानं संस्थेला शिव्यांचं पत्र पाठवलं. ते माझ्याच टेबलावर आणून ठेवण्यात आलं.

नोकरी गेली नाही. मला औषधाच्या कामातून काढून पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला दिलंय. जेवणाच्या सुट्टीत मी गेलो की टेबलावरची मंडळी हळूच उठतात, जेवून झाल्यासारखी. ताटं अर्धी असतात.

आणि मग तुझं ते कार्ड आलं. पत्ता माझा, मजकूर चार शब्दांचा: ‘मला मिठाचं पाणी होतं.’

चाचणी मोडली तेव्हा प्रत्येकीला तिला काय मिळालं ते सांगितलं गेलं, तसं तुलाही. म्हणजे जिना तू सरळ उतरलीस ते मिठाच्या पाण्यावर. नाही ताई. पाण्यावर नाही, माझ्या नावावर उतरलीस. धाकट्यानं केलंय म्हणजे गुण येणारच, असं तुझ्या गुडघ्यांना वाटलं आणि त्यांनी दुखायचं थांबवलं. मला कुणी शिवी दिली, थुंकलं अंगावर, तरी इतकी लाज वाटली नसती. कार्ड घेऊन मी न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून बसलो, घरात आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्या भावजयीनं बाहेरून दार वाजवलं नाही, एवढे तिचे उपकार.

ऑपरेशन जानेवारीत ठरल्याचं तू तिला कळवलंस, मला नाही. एक वर्ष तू माझ्यामुळे फुकट कळा काढल्यास. मी येतोय. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दवाखान्यात कुणीतरी घरचं माणूस लागतं, कागदावर सही करायला, डबा आणायला. तेवढ्यापुरता समज मला.

धाकटा

२५ जानेवारी

ताई,

हे पत्र तुझ्यापासून दहा पावलांवर, तुझ्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर बसून लिहितोय. पाय लांब केले की येणारी-जाणारी माणसं अडखळतात, म्हणून आखडून बसलोय.

चार दिवस मी इथं आहे आणि तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. बाकी सगळ्यांशी बोलतेस. झाडूवाल्या मावशींना व्यायाम शिकवलास. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी ‘हा कोण?’ म्हणून विचारलं तेव्हा ‘उंदरांचा डॉक्टर आहे’ म्हणालीस. त्या घाबरून पाय वर घेऊन बसल्या, आणि तू हसलीस, पण तोंड भिंतीकडे करून. मी डबा ठेवतो, तू जेवतेस. मी पाणी भरतो, तू पितेस. माझी तक्रार नाही.

आज सकाळचं सगळं तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण माझ्या जागेवरून काय दिसलं ते सांगतो.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तुला पहिल्यांदा उभं केलं. तू वॉकरच्या दांड्या घट्ट धरल्यास. मुलांना ‘पाठ ताठ!’ म्हणून ओरडतेस तशी स्वतःची पाठ ताठ केलीस आणि पाऊल टाकलंस. मग दुसरं टाकलंस. खिडकीपर्यंत जाऊन परत आलीस. बाईंनी तुला खाटेवर बसवलं आणि कागद पुढे ओढला. ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’

तू म्हणालीस, ‘दोन.’

मी पडद्याजवळ उभा होतो. माझं अर्धं आयुष्य मुक्या प्राण्यांचं दुखणं मोजण्यात गेलंय. त्यांच्या चेहऱ्यावरून ते वाचायची एक पद्धत आहे: डोळे किती बारीक झाले, नाकाजवळचा भाग किती ताठला. मी ती इतरांनाही शिकवलीय. तुझे डोळे बारीक झाले होते आणि ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. गप्प राहणं सोपं होतं. तू माझ्याशी बोलत नव्हतीस, तुझं दुखणं तुझं होतं, आणि त्याबद्दल तोंड उघडायचा हक्क मी केव्हाच घालवला होता.

मी म्हटलं, ‘दोन नाही. सात लिहा.’

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. तू सावकाश मान वळवलीस. या चार दिवसांत पहिल्यांदाच तू माझ्याकडे थेट बघितलंस.

‘तुला कुणी विचारलं?’

‘कुणी नाही.’

मला वाटलं, आता बाहेर जा म्हणशील, आणि मी निघायच्या तयारीत होतोही. मग तू बाईंकडे वळलीस.

‘लिहा सात,’ म्हणालीस.

त्यांनी सात लिहिलं, खाडाखोड करून, आणि नर्सला बोलावून औषध वाढवून दिलं. थोड्या वेळात तुझ्या मुठी सैल झाल्या आणि तुझा डोळा लागला.

हे पत्र उशाशी ठेवतो. वाचायचं नसेल तर ठेवून दे. दुपारी त्या तुला परत उभं करणार आहेत. मी इथं बाहेरच आहे.

धाकटा